पूर्वाचा ओठ

माझ्या मुलीचा चेहरा मंजुरीसाठी आला तेव्हा मी मेथी निवडत होते.

मंगळवारची दुपार होती. माझी नात रेवा सरावाहून नुकतीच आली होती, घोट्यापर्यंत मैदानाची माती. तिनं समोरच्या भिंतीकडे बोट केलं आणि भिंतीवर एक पिवळा टी-शर्ट उलगडला. आता भिंतीच पडद्याचं काम करतात. आमच्या इचलकरंजीतही कुणाकडे टीव्ही उरलेला नाही.

“आजी, बघ. यंदाच्या स्पर्धेचे टी-शर्ट. सगळं डिझाइन मी केलंय. तू फक्त ‘मंजूर’ म्हण.”

पूर्वा माझी मुलगी, रेवाची आत्या. सतराव्या वर्षी डेंग्यूनं गेली, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तिच्या जिद्द क्रीडा मंडळानं पुढच्याच वर्षी तिच्या नावानं मुलींची खो-खो स्पर्धा सुरू केली, ती अजून चालू आहे. दर वर्षी खेळाडूंना टी-शर्ट मिळतो आणि त्यावर पूर्वाचा चेहरा असतो. गेल्या काही वर्षांत टी-शर्ट जुन्या छापावरच निघत होते, मला कुणी विचारत नव्हतं. यंदा नवा कायदा आला. गेलेल्या माणसाचा चेहरा कशावरही छापायचा तर सर्वांत जवळच्या नातेवाइकाची तोंडी मंजुरी लागते. आमचे हे नाहीत. म्हणजे मीच.

रेवानं डिझाइन कसं केलं होतं, तर बोलून. छपाईच्या साइटवर एक आवाज असतो, पोरी त्याला ‘ताई’ म्हणतात. त्या ताईला सांगायचं, पिवळं कापड, पुढे आत्या, मागे खांब, खाली मंडळाचं नाव. ती चित्र जमवते, रंग वेगळे करते, प्रत्येक रंगाची वेगळी पारदर्शक फिल्म तयार करते आणि कुठेतरी दूरच्या कारखान्यात यंत्रं छापतात. छपाई अजून जाळीच्या फ्रेमनंच होते. हाताला जाड लागणारी शाई पोरींना आवडते म्हणे.

मी चाळीस वर्षं हेच काम केलं. हे जाळीवरून शाईची रबरी पट्टी, स्क्विजी, ओढायचे, मी फिल्म करायचे. त्यामुळे नजर आधी कामावरच गेली. रंगावर रंग नेमका बसला होता. ठिपके गोल, कुठे तुटलेले नाहीत. पिवळ्यावर काळा खुलला होता. काम चोख होतं. फक्त बाई वेगळी होती.

“ही कोण?” मी विचारलं.

“कोण म्हणजे? आत्या!”

“ही आपली पूर्वा न्हवं.”

“आजी, चष्मा लाव की.”

“लावलाय.”

पूर्वा जन्मली तीच वरचा ओठ फाटलेला घेऊन. सहाव्या महिन्यात मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चांगलं शिवलं होतं, पण ओठापासून डाव्या नाकपुडीपर्यंत सुतळीसारखी एक शिवण राहिलीच. तिथे ओठ जरा वर ओढलेला असायचा आणि तोंड मिटलं तरी एका दाताचं टोक दिसायचं. ‘प’ म्हणताना तिथून हवा निसटायची. स्वतःचं नावच तिला सगळ्यांत अवघड. कुणी नाव विचारलं की ती माझ्याकडे बघायची. पण खो म्हणायला ओठ लागत नाहीत. तो गळ्यातून येतो. मैदानावर तिच्या खोसारखा स्पष्ट खो अख्ख्या जिल्ह्यात कुणाचा नव्हता. पाठीत थाप आणि खो, दोन्ही एकाच क्षणाला. सुमनबाई पुजारी, त्यांच्या प्रशिक्षक, म्हणायच्या, “बाकीच्या पोरी खो देतात, ही खो टाकते.”

भिंतीवरच्या मुलीचे ओठ सरळ होते, भरलेले. शिवण नव्हती. दात दिसत नव्हता. ती सुंदर होती, आणि ती रेवासारखी दिसत होती.

“मंजूर नाही,” मी म्हणाले.

भिंतीतून ताईचा आवाज आला. “आपला नकार नोंदवला आहे. कृपया सुधारणा सांगाव्यात. ऑर्डर शनिवारी दुपारी बारा वाजता बंद होईल. तोपर्यंत मंजुरी न मिळाल्यास चेहऱ्याची जागा रिकामी ठेवून छपाई होईल.”

रेवानं माझ्या पुढ्यातली मेथीची जुडी उचलली आणि बाजूला ठेवली. “आता सांग बाई काय सुधारणा सांगायच्यात त्या.”

*

हे असं का झालं, ते मला रेवानंच समजावून सांगितलं, आणि मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं.

पूर्वी फोटो ठेवायचा म्हणजे त्यातला ठिपका न् ठिपका कुठेतरी साठवून ठेवावा लागायचा. माणसं फोटो काढत सुटली. त्या साठवणीची गोदामं वीज आणि थंडाव्यासाठी पाणी प्यायला लागली. दुष्काळाच्या ओळीनं चार वर्षांत लोकांनी विचारलं, प्यायला पाणी नाही आणि कुणाच्या बारशाचे फोटो थंड ठेवायला आहे? मग बीज-साठवण आली. फोटो साठवायचाच नाही, फक्त त्याचं बीज साठवायचं. चार ओळींची खूण. बघायचा असेल तेव्हा यंत्र त्या बिजावरून फोटो पुन्हा उगवून देतं. जगभरच्या फोटोंना आता एका तालुक्याच्या गावाला पुरेल एवढी वीज लागते म्हणतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील.

आम्ही लहानपणी रांगोळी अशीच ठेवायचो. दारातली रांगोळी कुणी घडी करून कपाटात ठेवत नाही. पंधरा ठिपके पंधरा ओळी, कुठून वळायचं, एवढंच लक्षात ठेवायचं. मैत्रिणीला तोंडी सांगितलं तरी तिच्या दारात तीच रांगोळी. तीच, म्हणजे जवळजवळ. एखादं वळण ती विसरली तर तिथे ती तिच्या हाताच्या सवयीचं वळण घालते.

यंत्रही तेच करतं. बिजात जे धूसर असेल तिथे ते भर घालतं. मनाची नाही, नेम ठरलेला आहे. त्या माणसाचे जे फोटो सर्वांत जास्त लोकांनी पाहिले, ते खरे धरायचे. तेही पुरले नाहीत तर रक्ताच्या नात्यातल्या चेहऱ्यांवरून भरायचं. आणि दर दोन वर्षांनी यंत्र सुधारलं की सगळे फोटो नव्यानं उगवतात. दर वेळी थोडे जास्त नितळ. कुणी खोटं बोलत नाही. कुणी काही पुसत नाही.

“म्हणून ही तुझ्यासारखी दिसते,” मी रेवाला म्हणाले. “तुझ्यावरून भरलीय.”

तिला जन्मापासून एकच गोष्ट सांगितली गेली होती, की तू आत्यावर गेलीस. ती खो-खो खेळते ती त्यावरच. आईबाप बेळगावला नोकरीला असताना ती माझ्याकडे राहते, तीही त्यासाठीच, इथल्या मैदानासाठी.

*

बुधवारी मी ताईला शिवण सांगितली. डाव्या नाकपुडीखाली, एवढी रुंद, एवढी उंच. ताईनं घातली. टी-शर्टवरची मुलगी एखाद्या सिनेमातल्या गुंड बाईसारखी दिसायला लागली. सुंदर चेहऱ्यावर रंगवलेली जखम. मी म्हणाले, ओठ वर ओढ. तिनं ओढला. आता मुलगी कुणाला तरी तुच्छतेनं हसत होती. दात दाखव म्हणाले. तिनं चार दाखवले.

“बये, एक! टोक! आणि तेवढंच!”

“आपल्या वर्णनानुसार बदल केला आहे. समाधान झाले का?”

“तुझं तोंड बघितलं असतं ना मी, तर सांगितलं असतं समाधान.”

रेवा खुदकन हसली. त्या दोन दिवसांत ती तेवढीच हसली.

मग मला आठवलं, पूर्वा फोटो काढून घेताना तोंडावर हात धरायची. नेहमी डावा. वाढदिवसाला, गॅदरिंगला, गोव्याच्या सहलीला. मी ताईला म्हणाले, “तिचा हात धरलेला फोटो दे. तोच छापा. ओठ दिसलाच नाही तरी चालेल.”

“अशा तेवीस प्रतिमा आहेत,” ताई म्हणाली. “त्यांतील चेहऱ्यावरील अडथळा दूर करण्यात आला आहे.”

भिंतीवर एकामागून एक तेवीस फोटो आले. वाढदिवस, गॅदरिंग, गोवा. सगळीकडे पूर्वाचा डावा हात बाजूला, सरळ, आणि तोंडावर ते सरळ भरलेले ओठ. तोंडावर हात नसलेल्या त्या मुलीला काही लपवायचं नव्हतं. शिवण नाही ते एक वेळ कळतं, यंत्राला डाग वाटला असेल. पण हातसुद्धा?

घरात कागदावरचा एक फोटो होता, हारवाला. महापुरात खालच्या घरात पाणी छातीला लागलं तेव्हा तो गेला. आता भिंतीला आहे तो नंतर बिजावरून पुन्हा काढून आणलेला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. गेली कितीतरी वर्षं मी रोज त्याला हळद-कुंकू लावत होते. त्याचेही ओठ सरळ होते.

माझी स्मरणशक्ती चांगली आहे असा माझा लौकिक आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा रंग मी सांगू शकते. मग रोज डोळ्यासमोर असलेल्या फोटोतली शिवण कधी गेली हे मला का दिसलं नाही?

*

गुरुवारी मुलाला फोन लावला. हृषी पूर्वाहून तीन वर्षांनी मोठा.

“आई, रेवानं सांगितलं मला. का अडवून धरलंयस? पोरी वाट बघतायत.”

“हृषी, पूर्वाचा ओठ कसा होता?”

“कसा म्हणजे? लहानपणी ऑपरेशन झालेलं तिचं. नंतर बरा झालता की. कळतसुद्धा नव्हतं.”

“कळत नव्हतं? तू आठ वर्षं तिला ससा म्हणून चिडवलंस.”

“मी?”

“तू. तुझ्या वडलांनी तुला त्यावरून पट्ट्यानं मारलंवतं. गच्चीवर.”

तो म्हणाला, “आई, मी पूर्वाला कधीच चिडवलं नाही. मला चांगलं आठवतंय. तू आता उगाच काहीतरी… तुझं वय झालं.”

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचा राग येण्याऐवजी भीती वाटली. चिडवायला ओठच राहिला नव्हता, तर चिडवलेलं कुठे राहणार? तिच्या रडण्याचं कारण गेलं, मग रडणं गेलं, आणि त्याचं मार खाणंही गेलं. पुढच्या वेळी यंत्र सुधारेल तेव्हा आणखी काय जाईल कुणास ठाऊक.

फोन ठेवल्यावर मी ताईला विचारलं, “हा सरळ ओठ आला कुठून? सगळ्यांत जुना फोटो कुठला?”

“सर्वाधिक पाहिली गेलेली आणि आधारभूत मानलेली प्रतिमा म्हणजे पहिल्या स्मृती स्पर्धेतील टी-शर्टवरील छपाई. त्या वेळी शंभराहून अधिक खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी त्या टी-शर्टसह छायाचित्रे काढली होती.”

मी खुर्चीत ताठ बसले. “तो टी-शर्ट? तो तर आम्ही छापला! आमच्या दुकानात!”

“तशी नोंद नाही,” ताई म्हणाली.

नोंद नसू दे. मला एकदम हलकं वाटलं. फोटो कितीही वेळा उगवू दे, कापडावरची शाई कोण बदलणार? ती आमची शाई होती, ह्यांनी भट्टीत भाजलेली. पहिल्या वर्षीचे साठ टी-शर्ट. एखादा तरी कुठेतरी असणारच. आणि सुमनबाई काही टाकत नाहीत.

*

शुक्रवारी सकाळी रेवा मला शहापूरला सुमनबाईंकडे घेऊन गेली. पूर्वी त्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा आवाज असायचा, बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. आमचं दुकान त्याच रस्त्याला होतं. गिऱ्हाइक दारातून बोटांनी सांगायचं, किती नग, किती रंग. आता इतकं शांत असतं की रेवाच्या गाडीच्या चाकाखालची खडी ऐकू येते.

सुमनबाई ब्याऐंशीच्या. पाठ वाकली, आवाज मात्र तसाच खणखणीत.

“या, या! शैला, अगं किती वाळलीस! आणि ही? ही तर पूर्वाच उभी राहिलीय!” त्यांनी रेवाचे दोन्ही दंड दाबून बघितले. “पण खांबावरचा हात उशिरा सोडतेस. मागच्या आठवड्यात बघितलं मी.”

रेवा लाजली. मी कामाचं बोलले. बाई आत गेल्या आणि एका पत्र्याच्या पेटीतून, जुन्या साडीत गुंडाळलेला टी-शर्ट घेऊन आल्या. पिवळा. गळ्याला घामाचा डाग. एकदा घालून धुतलेला आणि मग जपलेला.

मी तो मांडीवर पसरला. शाई तडकली नव्हती. ह्यांचं काम होतं ते. ठिपके जरा मोठे, जुन्या पद्धतीचे. पूर्वाचे डोळे, ते किंचित एकमेकांजवळ आलेले. कपाळावर निसटलेली बट. नाक. आणि नाकाखाली सरळ, अखंड, नितळ ओठ.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितलं. बोट फिरवून बघितलं.

“बाई, हा पहिल्या वर्षीचाच ना?”

“मग! पाठीवर बघ की, साल आहे.”

“ह्यात शिवण नाही.”

सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग रेवाकडे. “न्हाईच,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मैदानावर बघितलं तसं माझ्या काळजात चर्र झालं. पण मला वाटलं तू ठरवून काढलीस. आई आहेस. म्हणून गप बसले.”

आणि मग मला आठवलं. सगळं एकदम नाही. आधी काच आठवली. खाली ट्यूबलाइट लावलेलं आमचं काचेचं टेबल, त्यावर चिकटवलेली फिल्म. फोटोवरून फिल्म काढली की तिच्यात कचरा येतो. धूळ, केस, मध्येच ठिपके तुटलेली जागा. छपाईत ती जागा शाई न पोचल्यासारखी दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, छपाई खराब. म्हणून फिल्म जाळीवर चढवायच्या आधी बारीक पेन घेऊन ती तुटलेली जागा ठिपके टाकून भरायची. ह्याला आम्ही टचिंग म्हणायचो. हे माझं काम. हजारो फिल्म मी भरल्या असतील. त्याला विचार लागत नाही, डोळ्याला तुटलेलं दिसलं की हात जातो.

पूर्वाच्या ओठावर ठिपके तुटले होते. शिवण उजळ होती ना, तिथे फिल्म कोरी आली होती. सुतळीएवढी कोरी रेघ. ती जाऊन सात महिने झाले होते आणि मी त्या टेबलाशी बसले होते, रडत नव्हते, कामात होते. माझा हात गेला. अर्धं मिनिट लागलं असेल. मी रेघ भरली, फिल्म उचलून उजेडाला धरली आणि ह्यांना दिली. ह्यांनी ती बघितली. जरा जास्त वेळ बघितली, हे मला आता आठवतं. तेव्हा वाटलं जाळीचा अंदाज घेतायत.

तेही गप बसले.

आणि ती जिवंत असतानाचंही एक आठवलं, ते मात्र मला आठवायला नको होतं. जिल्हा संघाच्या बॅनरसाठी मी एकदा तिचा फोटो असाच साफ केला होता, कॉम्प्युटरवर. चांगल्या मनानं. ती शाळेतून आली, बघितला आणि विचारलं, “मम्मी, ही कोण?” मी म्हणाले, तूच की, किती छान दिसतेस बघ. ती म्हणाली, “मग माझ्याऐवजी हिलाच घ्या जेवायला.” आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी पुन्हा तिचा फोटो साफ करणार नाही असं तिच्या गळ्याला हात लावून सांगितलं होतं.

“आजी,” रेवा म्हणाली, “पाणी देऊ?”

*

शनिवारी सकाळी मी कागद-पेन्सिल काढली. यंत्राला सांगता येत नसेल, हाताला येईल. माझा हात आयुष्यभर रेषेवरच चालला. पूर्वाचा चेहरा मी काढला तर तो स्कॅन करून छापता येईल. डोळे आले. बट आली. नाक आलं. ओठाशी आले आणि पेन्सिल थांबली.

शिवण डावीकडे होती हे मला माहीत होतं. सुतळीएवढी, हेही. दाताचं टोक, हेही माहीत. मी शब्दांत सगळं सांगू शकत होते. दिसत काही नव्हतं. डोळे मिटले की सरळ ओठ दिसायचे. महापुरानंतर इतकी वर्षं मी हारातल्या त्या फोटोला रोज हळद-कुंकू लावलं होतं, दर वर्षी टी-शर्ट बघितले होते. मी घातलेल्या ठिपक्यांनी आधी जगाचे फोटो भरले आणि मग फिरून येऊन मला भरलं. पाच कागद झाले. पाचही वेळा कागदावर रेवाच उतरली, ओठाला एक रेघ मारलेली.

रेवा कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं कागद उचलून बघितले. तिचे डोळे भरले होते.

“म्हणजे मी आत्यासारखी दिसतच नाही,” ती म्हणाली. “ती माझ्यासारखी दिसते. सगळे मला खोटंच सांगत आले.”

“खोटं नाही गं. त्यांना तेच दिसतं.”

“मग मी कोणासाठी खेळते?”

मी तिच्या हातातून कागद काढून घेतले आणि पालथे ठेवले.

“नुसतं नाव छापू आजी,” ती नाक पुसत म्हणाली. “चेहरा नको. जागा मोकळी राहू दे. तू म्हणशील तसं.”

मी विचार केला. मोकळी जागा. साठ पोरी, छातीवर नाव आणि वर काही नाही. तेच खरं झालं असतं. पण मग पुढच्या वर्षी कुणी विचारलं असतं का, ही कोण होती? ज्या मुलीनं आयुष्यभर तोंडावर हात धरला, तिला मी आता अख्खं झाकून टाकायचं? आणि ही दुसरी पोर, जी समोर उभी आहे, तिच्याकडून आत्या काढून घ्यायची? यंत्रानं दुसरं काही केलंच नव्हतं. ते माझंच काम पुढे करत होतं, माझ्यापेक्षा चांगलं. मी कोणत्या तोंडानं नकार देणार होते?

बाराला दहा मिनिटं होती.

“मंजूर,” मी म्हणाले.

“आभारी आहोत,” ताई म्हणाली. “सर्वांत जवळच्या नातेवाइकाची मंजुरी मिळाल्यामुळे ही प्रतिमा आता प्रमाणित झाली आहे. या व्यक्तीच्या इतर सर्व प्रतिमा आणि बीजे यापुढे तिच्याशी जुळवून घेतली जातील. आपण केलेल्या चाचणी सुधारणा काढून टाकण्यात आल्या आहेत.”

भिंत पुन्हा साधी भिंत झाली.

रेवानं माझे पाच कागद गोळा केले, कडा जुळवल्या, आणि माझ्या शेजारी येऊन बसली. खांदा माझ्या खांद्याला टेकवला. ओट्यावर दूध तापत होतं, ते तिनं उठून बंद केलं आणि पुन्हा येऊन बसली.

“आजी,” तिनं हळूच विचारलं, “आत्याचा ओठ खरा कसा होता गं? तू मला सांगून ठेव. मी लक्षात ठेवीन.”

मी तिच्याकडे वळले. ती उत्तराची वाट बघत होती, ओठ किंचित उघडे. मी सांगायला तोंड उघडलं. डावीकडे, एवढं म्हणायचं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि मला सांगण्यासारखं दुसरं काही दिसेना.

“तुझ्यासारखाच,” मी म्हणाले.

आणि ते म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.